दुधाळ ऑईलची सुगी

सुगी लागली की आमच्या येळ्ळूरमध्ये माणसांच्या अंगाला पिंजराचा, म्हणजे भाताच्या काडाचा, वास येतो. कापलेलं भात शिवारात उन्हं खात पडलेलं असतं, काड्या करकरीत होतात, आणि सकाळच्या दवात त्यांचा गोडसर, ओलसर वास गल्लीपर्यंत चालत येतो. अजूनही कुणाकुणाच्या वाफ्यात बासमती असते. तिकडून वारा सुटला की चूल पेटायच्या आधीच भात शिजल्यासारखं वाटतं. अशा दिवसांत माझ्या अंगाला मात्र गिअर ऑईलचा वास असतो. तो वास सांगणं अवघड आहे. फटाक्याची दारू तेलात कालवावी तसा, उग्र, गंधकाचा. साबणानं जात नाही, राखेनं जात नाही. सुनीता, माझी बायको, त्या दिवशी माझं ताट थोडं लांबच वाढते.

परवा पुन्हा घरामागच्या परड्यात जीपखाली पोतं अंथरून आडवा झालो, तेव्हा गवतावर दव होतं आणि पाठीला जमीन गार लागत होती. वर बघत पडलो आणि गेल्या सालची सुगी आठवली. तशी ती विसरलेलो नव्हतोच.

आमची जीप जुनी, डिझेलची, मागच्या चाकांवर जोर असलेली. इंजिनाचं ऑईल सगळेच बदलतात. पण मधल्या गिअरबॉक्समधलं, आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा लोंबतो त्या डिफ्रन्शियलमधलं ऑईल बदलायचं बहुतेकांच्या ध्यानातही नसतं. ते आत असतं, दिसत नाही, आवाज करत नाही. आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. हा स्वभाव आहे की धंद्यानं लावलेली खोड आहे, मला सांगता येणार नाही. शेजारच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. लेथवरून उतरलेला शाफ्ट माझ्या टेबलावर येतो तेव्हा तो चकचकीत असतो, आणि त्या चकाकीकडेच मी पहिल्यांदा वाकड्या नजरेनं बघतो. दिवसभर हेच काम. शिवाय आम्ही सीमाभागातली माणसं. आमच्याकडे सरकारी कागद आला की आधी कन्नडमध्ये अडखळत वाचायचा, मग कुणाकडून तरी मराठीत समजून घ्यायचा, आणि दोन्हींचा अर्थ जुळला तरी रात्रभर उशाशी ठेवायचा. संशय आमच्या घरात मिठासारखा आहे. जेवणात दिसत नाही, पण नसला तर कळतं.

फार पूर्वी एकदा शहरातल्या एका गॅरेजात ऑईल बदलायला गाडी दिली होती. ‘बदललं’ म्हणून सांगितलं. घरी आणून मी वरचं बूच उघडलं, आत बोट घातलं, तर बोट काजळात बुडवल्यासारखं बाहेर आलं. त्या दिवसापासून हे काम परड्यात, माझ्या हातानं.

त्याची एक रीत आहे. गाडी आधी गावाजवळच्या गडाच्या रस्त्यानं एक फेरी मारून आणायची म्हणजे ऑईल कोमट होऊन पातळ होतं. सपाट जागी लावायची, चाकांना ठोकळे द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरायचं वरचं बूच आधी सोडवायचं, मग खालचं. कारण खालचं उघडून सगळं सांडून बसलात आणि वरचं गंजून अडकलं असेल, तर नवीन ऑईल भरणार कुठून? गाडी जागेवरच मेली. खालच्या बुचाला लोहचुंबक असतो. त्याला लोखंडाच्या चुऱ्याची, काळ्या लोण्यासारखी लुकण चिकटलेली असते. ती बोटांत चोळायची. गुळगुळीत लागली तर ठीक, कण टोचले तर आत कुठलातरी दात झिजतोय. मग नव्वद नंबरचं ऑईल पिचकारीनं भरायचं, भोकातून ओघळायला लागेपर्यंत.

गेल्या सालीही असंच सगळं केलं. गिअरबॉक्सचं ऑईल आलं ते काळं, पण निरोगी. मग मागं सरकलो, परातीसारखं जुनं घमेलं डिफ्रन्शियलखाली सारलं आणि खालचं बूच फिरवलं. जे बाहेर आलं ते बघून मी तसाच पडून राहिलो. दाट, फिकट तपकिरी, मध्ये मध्ये पांढुरक्या साईच्या रेघा. सुनीता कापडं वाळत घालत होती. ती वाकून म्हणाली, “अवो, च्या सांडला काय गाडीखाली?”

चहाच म्हणावा तसं होतं. जास्त दूध घातलेला.

ऑईल दुधाळ होतं ते एकाच कारणानं. आत पाणी जातं. रस्त्यावर धावून तापलेला तो लोखंडी गोळा अचानक गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलमधून आत ओढून घेते. म्हणजे गाडी नुसती भिजली नव्हती. ती अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी राहिली होती किंवा पाण्यातून गेली होती. येळ्ळूरमध्ये पावसात चिखल होतो, वाफे तुडुंब भरतात, पण अर्धं चाक बुडेल असं पाणी रस्त्यावर कुठंच नसतं. आणि गाडी माझ्याकडे नव्हती. मी मोटारसायकलवर मच्छ्याला जातो. गाडी असते अण्णाकडे.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आई-आप्पा गेल्यावर घर एक, चूल एक, शेत अण्णाच्या हातात. तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. झालं नाही असं म्हणण्यापेक्षा होऊ दिलं नाही म्हणायला पाहिजे. पोरी बघायला आम्ही खानापूरपासून चंदगडापर्यंत फिरलो. अण्णाचं नाक, रंग, शेत, बैल, सगळं पसंत पडायचं आणि शेवटी मुलीकडचं कुणीतरी विचारायचं, “नोकरी कुठं हाय?” मग चहाचे कप उचलले जायचे. चाळिशी उलटल्यावर अण्णानंच सांगितलं, “बास कर आता. मी काय बाजारातला बैल हाय काय?”

मी हात पुसून शिवारात गेलो. मळणीचं मशीन चालू होतं, हवेत तूस उडत होतं, अण्णाच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

“अण्णा, गाडी पाण्यात घातलतीस काय?”

“न्हाय रं. कुठलं पाणी?”

“मागच्या ऑईलात पाणी हाय.”

“धुताना गेलं असंल.”

धुताना तिथं पाणी जात नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. तो खाली वाकला आणि बांधलेलीच एक पेंडी सोडून पुन्हा बांधायला लागला. मी त्याच्या हातांकडे बघत उभा राहिलो. माझ्या टेबलावर असा शाफ्ट आला असता तर मी बाजूला ठेवला असता.

एकदा संशयाचं भोक पडलं की मागचं सगळं त्यातून ओघळायला लागतं. मला श्रावण आठवला. अण्णा जनावरांची वैरण लवकर उरकायचा आणि दर गुरुवारी सकाळी गाडी काढायचा, ती दिवस कलताना परत यायची. ‘मार्केटला गेलतो’ म्हणायचा, पण भाजीची टोपली रिकामी जायची आणि रिकामीच यायची. दाढी आठवड्यातून एकदा करणारा माणूस दोनदा करायला लागला होता. फोन वाजला की ‘आत रेंज न्हाय’ म्हणत गोठ्यात जायचा. गोठ्यात रेंज घराहून कमी, हे घरातल्या म्हशीलाही माहीत आहे.

गावात त्या दिवसांत एक कुजबुज होती. जांबोटीवरून घाटरस्त्यानं खाली गोव्याला जीपा जातात आणि येताना सीटखाली बाटल्या आणतात. आमच्या शेजारच्या गल्लीतली एक गाडी नाक्यावर पकडली गेली होती. जांबोटीकडे पाऊस म्हणजे पाऊस. रस्त्यावरून ओढे वाहतात. दुधाळ ऑईल आणि जांबोटी, माझ्या डोक्यात दोन दात बरोबर अडकले.

सुनीताला बोललो. ती तांदूळ निवडत होती. “भावजी तसलं करनार न्हाईत,” ती ठामपणे म्हणाली. थोड्या वेळानं सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकत तिनं पुढचं वाक्य टाकलं, “पर बघून या की.”

म्हणून एका रविवारी मी जांबोटीला गेलो. कारखान्यातल्या एकाकडे मध मिळतो का बघतो, असं अण्णाला सांगितलं. त्यानं मान हलवली, आणि मला वाटलं, त्याला कळलंय. रस्ता झाडांत शिरला की हवा बदलते. सुगी तिकडे उशिरा. भातं अजून उभी होती, पिवळी, पावसानं थोडी लोळलेली. ओढे आता घोट्याइतके उरलेले, काचेसारखे. प्रत्येक ओढ्याशी थांबून मी काठावरचा गाळ बघितला, झुडपांत अडकलेल्या काटक्या बघून पावसात पाणी कुठवर चढलं असेल याचा अंदाज घेतला. लांब चालत निघालेली एक बाई डोक्यावरचा भारा सावरत मला बघून थांबली, मग रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेली. चहाच्या टपरीवर मी जीपचा रंग सांगितला, अण्णाचं वर्णन सांगितलं. टपरीवाल्यानं दूध ढवळणं थांबवलं.

“तुम्ही कोन? एक्साईजचं काय?”

“न्हाय हो. असंच.”

“असंच कोन ओढं मोजत हिंडत न्हाय,” तो म्हणाला, आणि त्यानंतर मला चहा मिळाला, पण एक शब्द मिळाला नाही. परत येताना मला हसू येत होतं आणि रागही. मी ज्याचा माग काढत होतो त्याच्यापेक्षा मीच जास्त संशयास्पद दिसत होतो.

पण संशयाची गंमत अशी की रिकाम्या हातानं परत आल्यावर तो कमी होत नाही. उलट वाटतं, चांगलंच लपवलंय.

दुसऱ्या दिवशी मी जीपच्या मागच्या भागातली रबरी मॅट उचलली. खाली वाळलेला गाळ होता, पापुद्रे धरलेला, आणि त्या गाळात मिसळलेली तपकिरी भुकटी. वाकून हुंगली आणि शिंकांवर शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी. तंबाखू. आमच्या घरात कुणी तंबाखू खात नाही. आप्पांच्या धाकानं आम्ही दोघं भाऊ सुपारीलाही शिवलो नव्हतो. मॅट आणखी मागं ओढली तेव्हा सीटच्या लोखंडी पायाशी अडकलेलं एक झाकण खणकन वाजलं. स्टीलच्या जेवणाच्या डब्याचं. गाळ पुसला तर वर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव: ‘सौ. शालन’. पुढं निपाणीजवळच्या नदीकाठच्या एका गावाचं नाव. ते गाव मी इथं लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि तोंडं मोठी.

मी झाकण सुनीताच्या हातात दिलं. बायकांना भांडी वाचता येतात. तिनं ते उलटंपालटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला.

“लग्नातलं हाय. म्हायेरनं दिल्यालं.” मग हळू आवाजात, “सौ. लिवलंय, अवो.”

दारूच्या बाटल्या परवडल्या असत्या असं मला त्या क्षणी वाटलं. दारूला दंड असतो. लग्न झालेल्या बाईच्या मागं दर गुरुवारी ऐंशी किलोमीटर जाणाऱ्या माणसाला काय असतं? त्या बाईच्या नवऱ्याचं तोंड मला दिसायला लागलं, त्याचे भाऊ दिसायला लागले, आमच्या दारात उभी राहिलेली परकी गाडी दिसायला लागली. अण्णाला सरळ विचारण्याची हिंमत मात्र झाली नाही. मी ते झाकण घासून आमच्या मांडणीवर लावलं, ताटांच्या पुढं, जेवायला बसणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर.

अण्णा जेवायला बसला. पहिला घास घेतला, मान वर केली, झाकण बघितलं. भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला. मग त्यानं तो आमटीत बुडवून खाल्ला, दुसराही खाल्ला, सगळं ताट संपवलं. हात धुताना माझ्याकडे पाठ करून म्हणाला, “सुऱ्या, उद्या सुट्टी टाक. गाडीत बस माझ्यासंगं.”

संकेश्वर मागं पडलं. हायवेला उसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या, रस्त्यावर चिपाडं पडलेली. तवंदी घाट उतरताना अण्णानं गिअर खाली घेतला. मागून एक बारीक गुरगुर आली. नवीन ऑईल होतं तरी आत ओल राहिलीच होती. त्यानं माझ्याकडे बघितलं.

“तुला काय वाटालंय ते बोल एकदा.”

“आधी वाटलं दारू.”

अण्णा एवढ्या मोठ्यानं हसला की गाडी कडेला गेली. “आनि आता?”

“सौ. कोरलंय त्यावर, अण्णा.”

हसू थांबलं. घाट संपून खालची तंबाखूची शेतं दिसायला लागली होती, रुंद पानांची, हिरवीगार, जमिनीलगत पसरलेली. 

“कोरलं तवा सौ. होती,” तो म्हणाला. “दाल्ला गेला तिचा. आता स्टीलवरचं कोन पुसनार?”

मग त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मिरचीवर कीड पडायची म्हणून तो निपाणीच्या एका वखारीतून तंबाखूची भुकटी आणायला जायचा. पिकावर धुरळली की कीड पळते. तिथं शालन कामाला होती. पहिल्यांदा तिनं त्याला भुकटी कमी वजनात आलीय म्हणून सांगितलं, मालकाच्या समोर. पुढच्या वेळी त्यानं तिच्यासाठी येळ्ळूरची बासमती नेली, तर तिनं ती परत केली. “कशापायी आणलीस ते आधी सांग म्हणाली.” तो पुढच्या गुरुवारी सांगायला गेला. भुकटीचं काम त्यानंतर नावालाच उरलं.

नदीकाठच्या त्या गल्लीत शिरलो तेव्हा पहिल्यांदा दिसली ती पुराची रेघ. सगळ्या घरांच्या भिंतींवर, खिडकीच्या जरा खाली, एका पातळीत ओढलेली मातकट रेघ. माझ्या डोळ्यांनी आपोआप जीपच्या चाकाशी तिची उंची लावून बघितली.

शालननं दार उघडलं. तिशी उलटलेली, रुंद मनगटांची. बोटं तंबाखूनं तांबूस झालेली. तिनं मान खाली घातली नाही. पाण्याचा तांब्या ठेवला आणि आतल्या खाटेकडे बोट केलं. खाटेवर तिची सासू बसली होती. संधिवातानं गुडघे वाकडे झालेले, डोळे मात्र सुईसारखे.

“ह्यो कोन?” म्हातारीनं विचारलं.

“धाकला भाऊ,” अण्णा म्हणाला.

“तपासाय आलाय व्हय?”

मला बसायला जागा सुचेना. म्हातारी मात्र बोलायलाच बसली होती. “पाणी गल्लीत शिरलं तवा समदी पळाली. मला चालाय येत न्हाय, आनि ही मला सोडून जाईना. मी म्हटलं, जा गं पोरी, तुझं काय ऱ्हायलंय हितं. तर ही माझं डोस्कं धरून बसली. तवा ह्यो तुझा भाऊ आला गाडी घिऊन. पाणी गाडीच्या पायरीवर. मी दाराची चौकट धरून ठेवली. म्हटलं, कोन हा परका मानूस, मी न्हाय बसत ह्याच्या गाडीत.”

“मग?”

“मग काय! हिनं माझी बोटं सोडवली आनि ह्यानं उचललं मला पोत्यागत.” तिनं अण्णाकडे बघितलं. त्या नजरेत उपकाराची भावना मला दिसली नाही. ती अजून त्याला पारखतच होती.

शालन भिंतीला टेकून उभी होती. आता ती माझ्याशी बोलली. “मी यीन तर आत्तींना घिऊन यीन. ह्येंना सांगितलंय. तुमालाबी सांगत्ये. आनि तुमच्या मनात शेताचं काय असंल तर आत्ताच बोला. मागनं नको.”

शेताचं माझ्या मनात नव्हतं, असं मी छातीला हात लावून म्हणू शकत नाही. बिनलग्नाच्या भावाची जमीन पुढं कुणाकडे जाते, हे गावात लहान पोरालाही कळतं. माझ्या मुलांची तोंडं डोळ्यांपुढून गेली. “अण्णाचं ते अण्णाचं,” मी म्हटलं. म्हणायला जेवढा वेळ लागला, तेवढा तिनं मोजला असणार. तिनं मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली. झाकण अण्णानं पिशवीतून काढून खाटेवर ठेवलं. म्हातारीनं ते घेऊन पदराखाली सारलं.

येताना मी अण्णाला विचारलं, “घरात सांगितलं का न्हाईस? पुरातनं मानसं काढलीस, त्यात लपवायसारखं काय हुतं?”

अण्णानं घाटासाठी गिअर खाली घेतला. “एवढ्या पोरी न्हाय म्हनल्या,” तो म्हणाला. “मग एक व्हय म्हनाली तर तिचाच संशव आला मला. का म्हनाली? हिला काय पायजे? घर पायजे, का म्हातारीला आसरा पायजे, का मी पायजे? ते कळंपर्यंत तुला काय सांगू?”

“कळलं मग?”

“न्हाय,” तो म्हणाला आणि हसला. “तरी आनायची हाय.”

ती गोष्ट माझ्या मनात अजून रुतून आहे. मी संशय आला की माल बाजूला ठेवतो, रिजेक्टचा तांबडा रंग लावतो. अण्णानं संशयासकट माणूस घरात आणायचं ठरवलं होतं. ह्याला धाडस म्हणायचं की भोळेपणा, ह्याचा निकाल मला आजही देता येत नाही. कारखान्यात माझ्यापुढं येतं त्याला माप असतं. इतकं कमी चालेल, इतकं जास्त चालेल. माणसांच्या बाबतीत अण्णानं हे माप कुठून आणलं, कोण जाणे.

डिफ्रन्शियलचं ऑईल त्या सुगीत मला पुन्हा बदलावं लागलं, कारण एकदा पाणी गेलं की पहिल्या खेपेत सगळं निघत नाही. नवीन भरायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा काढायचं. दुसऱ्या वेळी फिकट आलं, तिसऱ्या वेळी नितळ. तोवर हरभरा घाटे धरू लागला होता आणि अण्णाचं लग्न ठरलं होतं.

लग्न देवळात झालं, थोडक्यात. गावाला मात्र मोठा विषय मिळाला. नवरीसोबत सासू वरातीला आली, तीही नवरीच्या पहिल्या नवऱ्याची आई. जीपमधून म्हातारीला खाटेसकट उतरवताना गल्लीतल्या बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून बघत होत्या. ‘दोघींच्या पोटात काय हाय कोन जानं,’ असं एकीनं सुनीताला ऐकवलं. सुनीता घरी आली आणि मला म्हणाली, “मलाबी वाटत हुतं तसंच. पर तिनं म्हटल्यावर राग आला.”

शालनवहिनी तिला आत्ती म्हणते, म्हणून आता सगळं घर आत्तीच म्हणतं. पण आत्ती आमच्या घरात राहिली ती पाहुण्यासारखी. खाटेच्या उशाशी तिनं एक बोचकं ठेवलं होतं, गाठ मारलेलं. लुगडं धुऊन वाळलं की ती पुन्हा त्या बोचक्यातच घालायची. कुणी सोडायला गेलं की हात मारायची. सुनीतानं एकदा तिला कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला. आत्तीनं कप्प्यात डोकावून बघितलं, ‘बरं हाय’ म्हणाली, आणि कप्पा पुढं सगळा पावसाळा रिकामाच राहिला. या वर्षी नदीला पुन्हा पाणी आल्याची बातमी टीव्हीवर लागली, त्या दिवशी ती बोचकं मांडीवर घेऊन बसली होती. दारातून कुणी गेलं की तिची नजर आधी त्याच्या पायांकडे जायची, पाय आत वळतायत की बाहेर. तिला घालवून देतील, हे तिनं गृहीतच धरलं होतं; फक्त दिवस कळला नव्हता. मी तिला नावं ठेवत नाही. मी तिच्या जागी असतो तर दोन गाठी मारल्या असत्या.

परवा ऑईल बदललं तेव्हा ती खाट परड्यात आणायला लावून बघत बसली होती. “चांगलं काळं तेल हाय की. कशाला सांडालास?” तिनं विचारलं. मी सांगितलं. तिला पटलं नाही. मी पिचकारीनं नवीन भरलं, बुचं आवळली, हात पुसले आणि पाने-पक्कड गोळा करायला लागलो.

“ए सुरेश,” ती म्हणाली. तिच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. “हतुडी हाय न्हवं तुझ्याजवळ? एक खिळा मारून दे भिंतीला.”

तिला आत नेलं. तिनं बोचक्याची गाठ सोडली. इतके दिवस बसलेली गाठ, दातांनी सोडवावी लागली. लुगड्यांच्या घडीतून एक तसबीर निघाली. तिचा मुलगा, शालनवहिनीचा पहिला नवरा. स्टुडिओतल्या निळ्या पडद्यापुढं उभा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पुराच्या पाण्यानं एका कोपऱ्याला डाग पडला होता. वहिनी चुलीजवळ सूप हातात धरून तशीच थांबली. सुनीता माझ्याकडे बघत होती. मी अण्णाकडे बघितलं. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सगळं एका दमात सांगता येणार नाही: भिंत अण्णाची, घर अण्णाचं, गल्ली सगळी येऊन बघणार, आणि रोज जेवायला बसताना समोर हा.

अण्णा शिवारातनं नुकताच आला होता, पायाला चिखल होता. तो दारातच उभा राहून तसबिरीकडे बघत होता. मग आत आला आणि मी खिळा धरला होता तिथून माझा हात बाजूला सारला.

“हितं नको,” तो म्हणाला. “चुलीचा धूर बसंल. तिकडं मार, खिडकीपाशी, उजेडात.”

मी मारला. भिंत मातीची, मऊ. खिळा दोन ठोक्यांत गेला. आम्ही आत्तीला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं. तिनं तसबीर अडकवली. दोरा धरून एकदा खाली ओढून बघितला. मग पुन्हा एकदा, जरा जोरात. आणि मग हात सोडला.